‘भारतात घटस्फोट फक्त एक टक्का’: हा आकडा नेमका कशाचा?

वधू-वर मेळाव्यातलं भाषण असो, रविवारच्या पुरवणीतला लेख असो की व्हॉट्सॲपवर फिरणारा जगाचा रंगीत नकाशा असो, एक वाक्य हमखास असतं: भारतात घटस्फोटाचं प्रमाण जगात सर्वात कमी, जेमतेम एक टक्का. त्यापाठोपाठ आपल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुक येतं. टक्का म्हटला की भागाकार आला. वर काय ठेवलं आणि खाली काय, हे मात्र त्या वाक्यात कुठेच नसतं.

घटस्फोट मोजायच्या रूढ पद्धती तीन. पहिलीत एका वर्षातले घटस्फोट दर हजार लोकसंख्येमागे मोजतात. ही सर्वात सोपी आणि सर्वात ढोबळ, कारण त्या हजारात पाळण्यातली बाळंही आली. जिथे मुलं जास्त किंवा लग्न न करणारे जास्त, तिथे दर आपोआप कमी दिसतो. दुसरीत भागायला फक्त विवाहित स्त्रियांची संख्या घेतात. हा दर बराच प्रामाणिक, पण त्यासाठी घटस्फोटांची पूर्ण नोंद हवी. तिसरी पद्धत सर्वात कष्टाची: एका ठरावीक वर्षी लागलेली लग्नं घ्यायची आणि त्यांतली दहा, वीस, तीस वर्षांनी किती मोडली ते बघायचं. ‘शंभरातली किती लग्नं मोडतात?’ या प्रश्नाचं खरं उत्तर या तिसऱ्या पद्धतीतूनच मिळतं.

बातम्यांमध्ये चालतो तो चौथाच, चुकीचा प्रकार: या वर्षीचे घटस्फोट भागिले या वर्षीची लग्नं. अमेरिकेत २०२२ साली दर हजार लोकसंख्येमागे ६.२ लग्नं आणि २.४ घटस्फोट नोंदले गेले. भागाकार केला की ३९ टक्के येतात, आणि ‘शंभरातली चाळीस लग्नं मोडतात’ असा मथळा तयार होतो. पण त्या वर्षी घटस्फोट झालेल्यांची लग्नं आधीच्या कितीतरी वर्षांत विखुरलेली असतात. लोकांनी लग्नं पुढे ढकलली की खालचा आकडा घटतो, आणि एकही संसार जास्त मोडलेला नसताना टक्का वाढतो. भर म्हणजे तिथल्या घटस्फोटांच्या आकड्यात कॅलिफोर्नियासह पाच राज्यं नाहीतच.

आपल्याकडे तर देशभरातले घटस्फोट नोंदणारी एकही वही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५चा, परस्पर संमतीचं कलम १३-ब त्यात आलं १९७६मध्ये, कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४चा. तरी वर्षाला किती हुकूमनामे झाले याची जन्म-मृत्यूसारखी नोंद होत नाही. त्यात हिंदू विवाह कायद्याचंच कलम २९(२) रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य करतं. ज्या समाजांत पंचांसमोर काडीमोड घेण्याची रीत आहे, तिथला घटस्फोट कोर्टाची पायरी न चढताच होतो. मुस्लिमांमधला खुला (बायकोने मागितलेला घटस्फोट) आणि मुबारात (दोघांच्या संमतीचा) हेही बहुधा कोर्टाबाहेरच.

मग पत्रकार कौटुंबिक न्यायालयातले दावे मोजतात, आणि तिथे उलटी चूक होते. एकाच जोडप्याचे चार-पाच दावे असू शकतात: नवऱ्याचा घटस्फोटाचा, बायकोचा कलम ९खाली नांदायला नेण्याचा, पोटगीचा वेगळा, मुलांच्या ताब्याचा वेगळा. ‘वर्षभरात इतके हजार दावे’ म्हणजे तितके हजार मोडलेले संसार नव्हेत. दाखल झालेले दावे आणि मंजूर झालेले घटस्फोट यांतही अंतर असतं. काहींत समेट होतो, काही मागे घेतले जातात, बरेच वर्षानुवर्षं चालतात.

राहते ती जनगणना. ती घटना मोजत नाही, मोजणीच्या दिवशीची स्थिती मोजते. २०११मध्ये देशात स्वतःला घटस्फोटित म्हणवणारे साधारण १३ लाख ६० हजार लोक होते. विवाहितांच्या तुलनेत ०.२४ टक्के, एकूण लोकसंख्येच्या ०.११ टक्के. सुरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी २०१६ साली हे तक्ते उलगडून दाखवले. त्यांनी लक्ष वेधलं ते शेजारच्या रकान्याकडे. त्या जनगणनेत ‘विभक्त’, म्हणजे घटस्फोट न घेता वेगळे राहणारे, हा पर्याय ‘घटस्फोटित’पासून वेगळा विचारला होता, आणि विभक्त निघाले विवाहितांच्या ०.६१ टक्के, म्हणजे घटस्फोटितांच्या सुमारे अडीचपट.

आमच्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा आकडा हाच. मोडलेल्या चार संसारांपैकी साधारण तिघांकडे घटस्फोटाचा कागद नाही. म्हणून घटस्फोटाचा दर कमी आहे यावरून संसार टिकलेत असं म्हणताच येत नाही. वकिलाची फी, तारखा, भावाची नाराजी, धाकट्या बहिणीचं लग्न, राहायला घर नसणं, यांतलं काहीही कागद अडवायला पुरतं. राज्याराज्यांतला फरकही तेच सांगतो. मिझोराममध्ये घटस्फोटितांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, तर उत्तर प्रदेश-बिहारमध्ये घटस्फोटित आणि विभक्त मिळूनही एका टक्क्याच्या आत. मिझोराममध्ये रूढीनेच बाहेर पडायची वाट आहे. बिहारमधली बाई मिझोराममधल्या बाईपेक्षा जास्त सुखात नांदते, असा अर्थ या आकड्यातून कुणी काढू नये.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ‘टाकलेली बाई’ हा शब्द प्रत्येक गावाला माहीत आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, ती नेमकी या बायकांसाठी: नवरा नांदवत नाही, सोडतही नाही, रेशनकार्डावर नाव कुठल्या घरचं हे ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घटस्फोटित, विभक्त आणि सोडून दिलेली असे तीन वेगळे पर्याय आहेत. जनगणनेतही तसे हवेत, कारण ठरवून वेगळं राहणं आणि माहेरी आणून सोडलं जाणं या दोन गोष्टी एका रकान्यात मावत नाहीत.

जनगणनेचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो त्याची कारणंही ठाऊक असावीत. पुनर्विवाह झाला की माणूस परत ‘विवाहित’मध्ये जातो. पुरुष लवकर आणि जास्त प्रमाणात पुन्हा लग्न करतात, म्हणून घटस्फोटित आणि विभक्त या दोन्ही रकान्यांत बायका जास्त दिसतात. एका घटस्फोटातून दोन माणसं निघतात, पण मोजणीच्या दिवशी बहुतेकदा त्यांतलं एकच सापडतं. दुसरं, उत्तर देतो घरातला कर्ता. गळ्यात मंगळसूत्र असलेल्या लेकीबद्दल बाप ‘विवाहित’ एवढंच सांगून मोकळा होतो. तिसरं, समाज ज्यांना नवरा-बायको मानतो किंवा जे स्थिरपणे तसे एकत्र राहतात, त्यांनाही ‘विवाहित’च लिहायची प्रगणकांना सूचना असते. त्यामुळे लग्नाविना सहजीवनाचा आकडा जनगणनेतून काढणं अशक्य. ‘शहरांत लिव्ह-इन इतक्या टक्क्यांनी वाढलं’ असं कुणी जनगणनेच्या हवाल्याने सांगितलं, तर तिथेच थांबवावं.

स्वतः आकडे बघायचे असतील तर जनगणनेचा सी-२ तक्ता उघडा. त्यात वय आणि लिंगानुसार वैवाहिक स्थिती मिळते. पूर्ण लोकसंख्येने भागू नका. ज्यांचं एकदा तरी लग्न झालं आहे अशांची बेरीज खाली घ्या, म्हणजे विवाहित, विधवा-विधुर, विभक्त आणि घटस्फोटित. स्त्री-पुरुष वेगळे ठेवा. वयोगटही वेगळे ठेवा, कारण साठीपुढे वैधव्य इतकं वाढतं की बाकीचे रकाने बुजून जातात. घटस्फोटित आणि विभक्त आधी स्वतंत्र मांडा, मगच बेरीज करा. २००१शी तुलना टाळा, तेव्हा हे दोन पर्याय एकत्र होते.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरी परतलेली मुलगी किंवा बहीण असेल, तर प्रगणकाच्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला देऊ द्या. कोर्टाचा कागद नसला तरी ‘विभक्त’ सांगता येतं, त्यासाठी पुरावा मागितला जात नाही.