सलाईनच्या आदल्या दिवशी

उद्या शनिवार, बारक्याचा सलाईनचा दिवस, म्हणून आज सकाळपासून घरात एकच धोशा चाललाय, पाणी पी रे, पाणी पी. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आई, मी काय हिप्परगा तलाव आहे का?"

ओळखीतल्या एका ताईंच्या पुतणीला पहिल्यांदाच आयव्हीआयजी (बारक्याच्या सलाईनमधलं तेच औषध, शिरेतून देतात ते तयार अँटीबॉडीचं) द्यायचंय, त्यांनी फोन करून विचारलं काय काय तयारी करू. अर्धा तास बोलले तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथे लिहितेय.

बारक्या आता सात वर्षांचा, वजन वीस किलो. त्याला एक्सएलए आहे, पूर्ण नाव एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया, म्हणता म्हणता दम लागतो. ब्रूटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५२ साली पहिल्यांदा हा आजार सांगितला. यात अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवणाऱ्या बी पेशीच नीट तयार होत नाहीत. दोन वर्षांचा होईपर्यंत आमचं काय चाललेलं, तर कान वाहतोय, न्यूमोनिया झाला, बरा झाला, परत न्यूमोनिया, आणि मधे मधे सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतायत. मग टेस्ट झाली आणि कळलं.

त्याला मी असं सांगितलंय की साखर संपली की आपण शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणतो ना, तसं तुझ्या रक्तात जे बनत नाही ते हजारो लोकांच्या रक्तातून थोडं थोडं घेऊन या बाटलीत भरलंय. ते साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, म्हणून दर २१ दिवसांनी परत जायचं. त्याने विचारलं, "मग उसनं परत कधी द्यायचं बे?" (हे 'बे' शाळेतून आलंय, सोलापुरात राहून ते थांबवणं आपल्या हातात नाही.)

आता माझी चूक. पहिल्या वेळी मी म्हणाले काही दुखत नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल. चार वेळा टोचलं तेव्हा कुठे शीर सापडली, आणि पुढचे सहा महिने रिक्षा हॉस्पिटलला जायला सात रस्त्याकडे वळली की हा आधीच रडायला सुरुवात. सुईपेक्षा मी खोटं बोलले याचा राग होता त्याला. आता सरळ सांगते, टोचताना दुखेल, दहा आकडे मोज, मग सुई काढून घेतात आणि आत फक्त मऊ नळी राहते. सांगायचं पण आदल्या दिवशी संध्याकाळी, आठवडाभर आधी सांगितलं तर पोरगं आठवडाभर झोपत नाही (मोठ्या पोरांचं वेगळं असेल). कुठला हात ते तो ठरवतो. डॉक्टरांना विचारून बधिर करायचं क्रीम तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवतो, आणि हॉस्पिटलात झोपवून दाबून धरण्यापेक्षा माझ्या मांडीवर बसवून सुई लावू द्या म्हणून मी भांडलेय सुद्धा.

पाण्याचं एवढं कशाला, तर शरीरात पाणी कमी असेल तर नंतर डोकं जास्त दुखतं, किडनीवर पण ताण येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसतं दारात उभं राहिलं तरी घसा कोरडा. म्हणून आदल्या दिवसापासून पाणी, ताक, नारळपाणी. सकाळी उपाशी न्यायचं नाही, आमच्याकडे भाकरी-शेंगाचटणी-दही खाऊनच निघतो.

औषध फ्रीजमधलं असतं, आम्ही बर्फाच्या डब्यातून नेतो, पण थंडगार बाटली तशीच लावायची नाही, रूमच्या टेंपरेचरला येऊ द्यायची. गरम पाण्यात बुडवायची नाही आणि हलवायची तर अजिबात नाही, फेस होतो. बारक्याला १० ग्रॅम, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या दोन बाटल्या लागतात. सुरुवात अगदी हळू, मग दर अर्ध्या तासाने स्पीड थोडा वाढवतात, चार-पाच तास जातातच. एकदा एका ठिकाणी संध्याकाळ व्हायला आली म्हणून सिस्टरनी स्पीड वाढवून दोन तासांत संपवलं आणि मी गप्प बसले. रात्री हुडहुडी, ताप, उलट्या, कपाळ धरून रडतोय. दोन सोलापुरी चादरी घातल्या तरी दात वाजत होते. तेव्हापासून मी त्या ड्रिपकडे दुधावर लक्ष ठेवावं तसं बघते. थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, छातीत कसंतरी झालं की लगेच सिस्टरला हाक, बाटली संपायची वाट बघायची नाही. बऱ्याचदा स्पीड कमी केला तरी बरं वाटतं.

वही ठेवाच. तारीख, कंपनी, बॅच नंबर, स्पीड, कधी काय झालं. एकदा नेहमीचा ब्रँड मिळाला नाही, दुसरा लावला तर अंगदुखी झाली, पुढच्या वेळी वही दाखवली म्हणून डॉक्टरांनी आधीच पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध दिलं. डोस वजनावर असतो, शेजारणीच्या पोराचा ऐकून देऊ नका. डोकेदुखीला आयब्युप्रोफेन पण न विचारता नको.

आणि डोकं घरी आल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुद्धा दुखतं, म्हणूनच आम्ही शनिवार धरतो, रविवार पडदे ओढून झोपायला. पण खूपच दुखतंय, मान आखडलीय, उजेड सहन होत नाही असं झालं तर रविवार असो नाहीतर दिवाळी, फोन करायचा. लघवी कमी झाली, श्वास लागला तरी तेच.

पल्स पोलिओच्या दिवशी दारात आलेल्या ताईंना मी दरवेळी समजावते की तोंडातून द्यायचा डोस याला चालत नाही, जिवंत विषाणूची लस आहे, आणि याच्यामुळे घरातल्या दुसऱ्या पोरांनाही नाही. एकदा तर त्या माझ्याकडे मी पाप केल्यासारख्या बघत होत्या.

यावेळी २१ दिवस नेमके संक्रांतीच्या सुमारास भरतायत. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्यात बसायचं म्हणून बारक्या तारीख पुढे ढकलायला सांगतोय. तारीख ढकलायची नाही, डोकं दुखलं नाही तर दोन दिवसांनी दुपारी गर्दी नसताना नेईन, मास्क लावून, असं ठरलंय. आत्ता तिसरा ग्लास अर्धा ठेवून पळालाय.