सोलापुरात ल्युकोमेलस: उन्हाळा निघाला, अंडी आली

माझ्याकडचे चारही ल्युकोमेलस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डार्ट फ्रॉगपैकी एका जातीचे छोटे बेडूक, धडधाकट आहेत आणि जूनअखेर पहिली अंडी मिळाली. पण आधी उन्हाळ्याचं सांगतो, कारण सोलापूर, धाराशिव, लातूर या आपल्या पट्ट्यातून विचारणा होते ती बहुतेक त्याचीच.

"डार्ट फ्रॉगला ऐंशी टक्के दमट हवा लागते, सोलापुरात कसं जमायचं?" असं सगळे विचारतात. दमटपणा खरं तर सोपा आहे, तो काचेच्या टँकमध्ये कोंडता येतो. वरची जाळी बरीचशी काचेने झाकायची, खाली धुतलेले कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे), लोणारी कोळसा आणि स्फॅग्नम (वाळकं शेवाळ), त्यावर देशी बदामाच्या आणि पेरूच्या वाळक्या पानांचा जाड थर, आणि सकाळ-संध्याकाळ मिस्टिंग, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा. एवढ्यावर भागतं. अडतं ते उष्णतेपाशी. यांना साधारण २२ ते २६ अंश मानवतं. ३० च्या पुढे बराच वेळ राहिलं तर बेडूक हातचा जातो. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३.

इथे आपली कोरडी हवाच उपयोगी पडते. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्याने उडतं आणि तितका गारवा येतो. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २२ च्या आसपास दाखवतो. मुंबईकरांना हे सुख नाही. म्हणून मी तळमजल्यावरची उत्तरेची खोली निवडली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि साधा कूलर ठेवला. भर दुपारी खोली २९ वर आणि टँकच्या तळाशी, पानांखाली, २७. कूलरची हवा ओलसर असल्याने टँकही वाळत नाही. जाळीच्या उघड्या पट्टीवर कॉम्प्युटरचा छोटा पंखा आडवा लावलाय, त्याने आणखी अर्धा-एक अंश उतरतो. एलईडी टँकपासून वीतभर वर टांगली आहे.

एसी का नाही? लाईट गेली की इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी चालत नाही. आपल्याकडे वळवाचं वारं सुटलं की लाईट जाणारच, त्यामुळे माझ्या लेखी हा प्रश्न तिथेच मिटतो. तरीही आणीबाणीत बेडूक गार ठेवायला थर्माकोलचा एक खोका, ओलं स्फॅग्नम आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या बाटल्या मार्चपासून तयार असतात.

पाण्याचं थोडक्यात. नळाला पाणी रोज नाही, आणि साठवलेलं पाणी जड. फवाऱ्याचे नोझल महिन्याभरात चोंदतात आणि काचेवर पांढरे ठिपके धरतात. मिस्टिंगला फक्त आरओचं पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला. पॅडवर क्षार साचतात, पण गवताचे पॅड स्वस्त आहेत.

बेडकांपेक्षा जास्त निगा त्यांना खायला पाळलेल्या माश्यांची ठेवावी लागते, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. फ्रूट फ्लायचा (पिकल्या फळांवरच्या बारीक माशीचा) खुरट्या पंखांचा, न उडणारा वाण उष्णतेत दगा देतो. कल्चर (बरणीतली माश्यांची पैदास) ३० अंशांच्या आसपास वाढलं तर पुढच्या माश्यांचे पंख लांब निघतात, आणि नर नापीक होतात ते वेगळंच. म्हणून कल्चरच्या बरण्या खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, परातीत साबणाचं पाणी घालून त्यात ठेवतो, म्हणजे माइट (सूक्ष्म कोळीकिडे) चढत नाहीत. माश्या वाढवायचं माध्यम आपल्याच घरातलं: पिकलेलं केळं, ज्वारीचं पीठ, गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि वर चिमूटभर यीस्ट. ज्वारीचं पीठ शिजवून घातलं की गोळा घट्ट राहतो आणि बरणी उपडी केली तरी सांडत नाही. तोंडाला सुती कापड मात्र घट्ट विणीचं हवं. स्वयंपाकघरातली एक रानटी माशी आत शिरली की पुढची पिढी उडणारी, कारण खुरटे पंख हा अप्रभावी, म्हणजे संकरात दबून जाणारा, गुण आहे.

आणि याच माश्यांमुळे हे बेडूक विषारी नाहीत. शेजारच्या काकू परवा दारातच म्हणाल्या, "अरे, विषारी बेडकं घरात ठेवलीस म्हणे? लेकरं आहेत आजूबाजूला." त्यांना आत बोलावून दाखवलं. रानात हे बेडूक मुंग्या, माइट, बारीक भुंगेरे खातात, त्यातली अल्कलॉइड द्रव्यं कातडीत साठवतात. पिंजऱ्यात जन्मून माश्यांवर वाढलेल्याच्या अंगात ते विष तयारच होत नाही. बाणाला विष लावायची रीत कोलंबियातल्या एम्बेरा लोकांची, आणि तीही फायलोबेट्स वंशातल्या मोजक्या जातींपुरती. व्हेनेझुएला, गयाना, उत्तर ब्राझीलमधल्या ल्युकोमेलसचा तिच्याशी संबंध नाही. काकूंनी बराच वेळ पाहिलं. काळ्यावर पिवळे पट्टे, अंगठ्याएवढं अंग, आणि माशी दिसली की मागच्या पायाचं मधलं बोट टपटप आपटायला लागतं, ते त्यांनाच आधी दिसलं.

ल्युकोमेलसचा डेन्ड्रोबेट्स वंश साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि जन्म-मृत्यूही कळवावे लागतात. कागद नसलेला बेडूक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो कुठल्या जंगलातून उचललाय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता अंडी. ल्युकोमेलसच्या मूळ प्रदेशात कोरडा ऋतू असतो, तेव्हा ते दगड-ओंडक्यांखाली दडून राहतात आणि पाऊस लागला की विणीला येतात. म्हणून मेमध्ये मिस्टिंग थोडं कमी ठेवलं आणि मृगाचा पाऊस आल्यावर एकदम वाढवलं. नर सकाळी ओरडू लागला, पक्ष्याच्या लांब शिळेसारखं, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येईल असं. नारळाच्या करवंटीला दार पाडून आत पेट्री डिश (चपटी बशी) ठेवली होती, तिच्यात सहा अंडी निघाली. पारदर्शक जेलीत काळे ठिपके, आणि आठवड्याभरात प्रत्येक ठिपका स्वल्पविरामासारखा वळलेला. भिंगातून पाहिलं तर कल्ल्यांचे तुरे हलताना दिसतात. एक अंडं पांढरं पडलं, ते काढलं. बाकी पाचांतून बेडूकमासे निघाले.

बेडूकमासे एकमेकांना खातात, म्हणून पाच वेगळे कप. बदामाच्या पानाचं तांबूस पाणी, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) आणि माशांचं फ्लेक खाद्य. पुढचे पाय काडीसारखे बारीक निघण्याची भीती सगळ्यांना असते. तो दोष कशाकशाने येतो यावर मतं अनेक आहेत, पण मी आई-बापाच्या माश्यांना कॅल्शियमच्या पुडीबरोबर व्हिटॅमिन ए आधीपासून देतोय.

हिशेबाने ती पिल्लं ऑक्टोबरच्या सुमारास पाण्याबाहेर येतील, आणि तेच मला नको होतं. ऑक्टोबर हीटमध्ये पारा ३३-३४ वर असतो पण हवेत पावसाळ्याची ओल उरलेली, म्हणजे कूलर निम्माच लागू पडतो. तेवढ्या महिन्यापुरता दुपारचा एसी उधार आणलाय. पिल्लांचे डबे सगळ्यात खालच्या फळीवर जातील. नुसत्या स्प्रिंगटेलवर (ओलीत वाढणाऱ्या बारीक उड्या मारणाऱ्या किड्यांवर) त्यांचे पहिले आठवडे जातात, म्हणून त्यांची कोळशावरची कल्चर आत्ताच दुप्पट केली आहेत. ज्यांना सुरुवातीसाठी कल्चरचा डबा हवा त्यांनी गणपतीनंतर या, तोवर ती पुरती भरलेली असतील.