सुटलेला न्यूट्रल आणि जळालेली कार्डं

मे महिन्यात सोलापुरात वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही, त्यातलाच हा एक कॉल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, इलेक्ट्रॉनिक जकार्डची (मागावर नक्षी विणणारं यंत्र) कंट्रोलर कार्डं एका संध्याकाळीत उडाली. मालक भेटल्या भेटल्या म्हणाले, "वीज पडली ओ साहेब, आणि तो सर्ज प्रोटेक्टर काय कामाचा, तो पण जळाला की!"

पॅनल उघडलं तर तीनपैकी दोन फेजच्या एसपीडीची (म्हणजे त्याच सर्ज प्रोटेक्टरची) खिडकी लाल, म्हणजे तो गेलेला, तिसरी हिरवीगार. जळालेली कार्डंही त्याच दोन फेजवरची. इथंच शंका आली. मग एक कामगार बोलला, ऑफिसची ट्यूब मिणमिणत होती आणि गोडाऊनचे बल्ब भगभगीत पेटून फुटले, माग मात्र चालूच होते. माग चालू म्हणजे सप्लाय ओके असं सगळ्यांना वाटलं, पण मागाची मोटर थ्री फेज, तिला न्यूट्रल लागतच नाही ना!

थोडं लायटिंग चालू ठेवून मीटर लावला. न्यूट्रलशी २३० च्या आसपास यायला हवं तिथं ३४५, ३३५ आणि जास्त लोडच्या बी फेजला फक्त ९०. फेज टू फेज मात्र ४१५, म्हणजे न्यूट्रलच सुटलेला. मेन बंद करून बघितलं तर न्यूट्रलच्या ॲल्युमिनियम केबलचा लग (टोकाचा जोड) थेट तांब्याच्या बसबारवर (पट्टीवर) आवळलेला, मध्ये दोन धातूंना जोडणारं बायमेटल काही नाही, गरम-थंड होऊन बोल्ट सैल, लग काळा ठिक्कर, स्लीव्ह वितळलेली, बोटानं ढकलला तर गरकन फिरला.

मालकांना बसवून सांगितलं, अण्णा, एसपीडी विजेचा काही मायक्रोसेकंदांचा दणका अर्थिंगला ढकलतो, त्याचं रेटिंग २७५ व्होल्ट, तिथं मिनिटंच्या मिनिटं ३४० बसलं तर आतला व्हॅरिस्टर (दणका झेलणारा भाग) तापून जाणारच, त्याचा थर्मल डिस्कनेक्टर (तापल्यावर जोड तोडणारा) सुटला म्हणून पॅनलला आग नाही लागली. असल्या व्होल्टेजला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले पाहिजे, जो सिंगल फेज लोडचा काँटॅक्टरच (सप्लायचा स्विच) पाडतो. पाचशे माग असोत नाहीतर पाच, हा रिले लोक टाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कार्डांच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही ओ.

बायमेटल लग, रिले आणि नवीन एसपीडी त्याच दिवशी बसवले, एसपीडीच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या. तिन्ही फेज २३० च्या आसपास आल्यावरच नवी कार्डं घालू दिली. अर्थिंगचा खड्डा मात्र मुरमात कोरडा ठाक पडलाय, तो नवीन घ्यायचं काम मृगाच्या आधी धरलंय.