तेरावी सुई
रजिस्टरमध्ये शाईपेनाने सुंदर अक्षरात लिहिलेलं, रेडियम सुया 12, प्रत्येकी 10 मिग्रॅ. कधीकाळी कॅन्सरच्या गाठीत टोचायचे त्या, मग वापर बंद झाला आणि शिशाच्या डब्यात तशाच पडून राहिल्या. रेडियम-226 चं अर्धायुष्य 1600 वर्षं, त्यामुळे वाट बघून काही होणार नव्हतं, आम्ही सगळे रिटायर झालो असतो तरी सुया जवळपास तेवढ्याच राहिल्या असत्या.

आता त्याच कचऱ्याला गिऱ्हाईक आहे. रेडियमवर सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) प्रोटॉन मारले की अ‍ॅक्टिनियम-225 मिळतं, कॅन्सरच्या पेशी अल्फा कणांनी मारणाऱ्या नव्या अल्फा थेरपीसाठी ते हवंय आणि पुरत नाहीये, म्हणून आयएईएने (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) 2021 मध्ये जुनं रेडियम असलेल्यांची आणि ते वापरू शकणाऱ्यांची गाठ घालून द्यायला एक उपक्रमच सुरू केला. आमचं काम काय, तर कागदावर 'कचरा' खोडून 'कच्चा माल' लिहायचं. ऐकायला सोपंय.

गोची गाडीत चढवताना होते. 120 मिग्रॅ म्हणजे साधारण 4.4 गिगाबेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). जुन्या सुयांना स्पेशल फॉर्मचं, म्हणजे आतला माल सहजी बाहेर सांडणार नाही याचं, सर्टिफिकेट नसतं, आणि ते नसलं की टाइप ए पॅकेजमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या ठरावीक दर्जाच्या खोक्यात, रेडियम जेमतेम 3 गिगाबेकरेल चालतं. मंजूर डिझाइनच्या स्टील कॅप्सूलमध्ये घालून वेल्डिंग केलं की हीच मर्यादा 200 गिगाबेकरेलवर जाते. म्हणून आधी मोजणी, मग कॅप्सूल.

डबा हूडमध्येच (हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात) उघडला, एक्झॉस्ट चालू ठेवून, कारण आत रेडियमपासून बनणारा किरणोत्सर्गी वायू रेडॉन साठलेला असतो आणि हेलियमचं प्रेशर वाढून जुनी सुई कधी चिरलेली असेल सांगता येत नाही. गळती बघायला पुसून स्मिअर घेतले, क्लीन आले, जिवात जीव आला. चिमट्याने एकेक सुई बाजूला ठेवत मी मोजतेय आणि ज्युनियर टिक करतोय. दहा, अकरा, बारा... आणि डब्यात अजून एक.

"मॅडम, परत मोजूया?"

परत मोजलं. तेराच.

काम थांबवलं. गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून पदार्थ ओळखणारा स्पेक्ट्रोमीटर मागवला, एकेक सुई वेगळी धरून बघितली. बारांचं पीक 609 केईव्हीला (ऊर्जेचं एकक), रेडियमपासूनच बनणाऱ्या बिस्मथ-214 चं, म्हणजे रेडियमच. तेरावीचं 662 ला. सीझियम-137! दिसायला थेट बहीण. रेडियम मागे पडायला लागलं तेव्हा सीझियमच्या सुया आल्या होत्या, त्यातलीच कुणीतरी घाईत याच डब्यात टाकली असणार आणि रजिस्टर उघडायचा कंटाळा केला असणार (मला राग आला, पण माझ्याही काही जुन्या नोंदी आठवल्या, असो).

हीच नजरेतून सुटली असती तर कॅप्सूल एकदा वेल्ड झाल्यावर कोण उघडून बघणार होतं?

बारा सुया नंतर रीतसर गेल्या. एक मीटरवर 0.03 मिलिसिव्हर्ट प्रति तास, म्हणजे ट्रान्सपोर्ट इंडेक्स (पॅकेजबाहेरच्या किरणोत्सर्गाचा वाहतुकीसाठीचा आकडा) 3, पिवळं लेबल, तीन पट्ट्या. ड्रायव्हरने कागद बघून विचारलं, "यात कचरा कुठे लिहिलंय?" म्हटलं, आता नाही लिहिलेलं.

तेरावी मात्र कचराच राहिली. तिच्या नव्या टॅगवर 'कुठून आली' असा एक रकाना आहे, तो मी दोन दिवस कोराच ठेवला, मग 'अज्ञात' लिहून सही केली.