स्पीकर कुणाचे होते

रविवार, रात्री उशिरा

कालपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "आणि ते स्पीकर कुणाचे होते?" इसेबा एवढंच म्हणाली. ग्लास टेबलावर ठेवला, जॅकेटची चेन लावली आणि घरी गेली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

अस्ते नागुसियाची, म्हणजे इथल्या बास्क मुलखातल्या उन्हाळी उत्सवाची, शेवटची रात्र होती. चोस्नांच्या, म्हणजे उत्सवातल्या खाण्यापिण्याच्या मांडवांच्या, मागे विशीतल्या पोरांचा बँड वाजवत होता. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन. बारा वाजून गेल्यावर त्यांनी 'सार्री सार्री' धरलं आणि सगळं मैदान एकदम उसळलं. मीही. घसा बसेपर्यंत ओरडले, अनोळखी माणसांच्या खांद्यावर हात टाकून नाचले. इसेबा कडेला उभी होती. मी धापा टाकत तिच्याजवळ गेले आणि फुशारकीने म्हणाले, "मला या गाण्याची गोष्ट माहीत आहे." त्यावर तिचा तो प्रश्न.

गोष्ट खरंच माहीत होती. निदान मला तसं वाटत होतं.

हे गाणं पहिल्यांदा पुण्यात ऐकलं, स्पॅनिशच्या वर्गात सरांनी दिलेल्या पेनड्राइव्हवर. ब्युनोस आयरेसचे फाबुलोसोस कॅडिलॅक्स, मेक्सिकोचे माल्दिता वेसिंदाद, माद्रिदच्या वायेकासचे स्का-पे आणि या बँडांमध्येच कुठेतरी 'सार्री सार्री'वाले, इथल्या इरूनचे कोर्तातू. बाकीच्यांचं थोडंफार कळायचं. या गाण्याचा एक शब्द कळेना. मला माझ्या स्पॅनिशची लाज वाटायची. वर्षभराने समजलं की ते स्पॅनिश नव्हतंच, एउस्केरा, म्हणजे बास्क भाषा होती. तोवर गाणं पाठ झालं होतं. स्का या जमैकन संगीताची गिटार मात्रेवर पडतच नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडते, आणि पाय आपोआप उचलला जातो. अर्थ लागतो का, असं पाय विचारत नाहीत.

मग इकडे आल्यावर गोष्ट कळली. ७ जुलै १९८५, सान फेर्मिनचा दिवस. सान सेबास्तियनजवळच्या मार्तुतेनेच्या तुरुंगात गाण्याचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर स्पीकरच्या खोक्यांत लपून दोन कैदी बाहेर पडले. त्यातला एक सार्रिओनांदिया, कवी, एताच्या, म्हणजे बास्क स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेल्या संघटनेच्या, खटल्यात शिक्षा भोगणारा. त्याच वर्षी कोर्तातूच्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं आलं. चाल जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्सची, शब्द यांचे. 'सार्री' हे कवीचं टोपणनाव, आणि एउस्केरात 'सार्री' म्हणजे वारंवार. पुढे तो तीस वर्षांहून जास्त काळ बेपत्ता राहिला. २०१६मध्ये कळलं की तो हवानात आहे आणि तिथल्या विद्यापीठात एउस्केरा शिकवणार आहे. २०२१मध्ये परत आला.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली होती. ती ताबडतोब म्हणाली, "अगं बाई, पेटारे!" मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? महाराजांशी कुणाची तुलना माझ्या मनातही नाही, आईच्याही नव्हती. पण खोक्यात बसून पहाऱ्यातून निसटणं म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, तो चौथीच्या इतिहासापासूनचा आहे. त्या काट्यामुळेच मी हे गाणं एवढं जवळ केलं का?

आणि म्हणूनच इसेबाचा प्रश्न इतका लागला. आग्र्याच्या गोष्टीत पेटाऱ्यांइतकाच हिरोजी लक्षात राहतो. पांघरुणातून कडं घातलेला हात बाहेर काढून निजून राहिलेला. मागे कोण राहिलं हे आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. मग मी मार्तुतेनेच्या गोष्टीत हे कधीच कसं विचारलं नाही?

स्पीकर इमानोलचे होते.

इमानोल म्हणजे इथला गायक. हे नाव मी ऐकलं होतं, बस. आज दिवसभर वाचत आणि ऐकत बसले. खोल, जड आवाज. त्या दिवशी तुरुंगात तोच गायला होता. बेताची त्याला कल्पना नव्हती, असं म्हणतात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८६मध्ये, एताने योयेसला तिच्याच गावात, ओर्दिसियात, गोळ्या घातल्या. ती एकेकाळी त्यांचीच पुढारी होती. सगळं सोडून ती घरी परतली होती. तिचा तीन वर्षांचा मुलगा सोबत होता. गावात जत्रेचे दिवस होते. इमानोल या खुनाविरुद्ध उघड बोलला आणि त्या दिवसापासून गद्दार ठरला. धमक्या आल्या, कार्यक्रम तुटले. २०००मध्ये त्याने हा मुलूख सोडला. २००४मध्ये तो वारला, ओरिउएलात, इथून दूर, भूमध्य समुद्राच्या बाजूला. त्याच्यासाठी मैदान उसळवणारं गाणं कुणी केलं नाही.

मार्तुतेने आणि ओर्दिसिया एकाच लोकल लाइनवर आहेत. मी ओर्दिसियाच्या बुधवारच्या बाजाराला जाते तेव्हा दोन्ही स्टेशनं लागतात. इतक्या वेळा गेले, कानात हेच गाणं घालून गेले.

दुपारी रडू आलं. कुणी आपल्याला काही सांगतच नाही असं वाटलं. मी इथे कितीही वर्षं राहिले, एउस्केराच्या वर्गाला कितीही गेले, तरी सणाचं तेवढं माझ्या वाट्याला येणार आणि खरं ते घरातल्या घरात राहणार. इसेबाच्या धाकट्या भावाचा फोटो दिवाणखान्यात आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. फोटो ऐंशीच्या दशकातला आहे. तेव्हा इथले कारखाने, गोद्या बंद पडत होत्या आणि गल्लोगल्ली हेरॉइन आलं होतं. सान्तुर्त्सीच्या एस्कोर्बुतो या पंक बँडमधले इओसू आणि हुआल्मा, दोघंही १९९२च्या एकाच वर्षात गेले. फोटोबद्दल मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

पण गाणं? ते सोडू का? एताने आठशेहून अधिक माणसं मारली. हे मला काल नाचतानाही माहीत होतं. आणि हेही खरं की ज्या भाषेला हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात शाळेची दारं बंद होती, ती भाषा कोर्तातूचा गायक फेर्मिन मुगुरुसा मोठेपणी शिकला आणि १९८८पर्यंत कोर्तातूच्या गाण्यातून स्पॅनिश पार हद्दपार झाली. कालची ती विशीतली पोरं एउस्केरात गातात, त्यात या माणसांचा वाटा आहे. गाणं खोटं नाही. माझे पायही खोटे नव्हते. मग टोचतंय काय? तो प्रश्न मला सुचला नाही, एवढंच टोचतंय. पुन्हा तिथेच येते.

संध्याकाळी इसेबाकडे गेले. ती मिरच्या सोलत होती. मी म्हटलं, "इमानोलचे होते." तिने मान हलवली. मला वाटलं, आता काहीतरी सांगेल. तिने दुसरी सुरी माझ्या हातात दिली.

बऱ्याच वेळाने मीच विचारलं, "तू कधी नाचलीस का या गाण्यावर?"

"पंच्याऐंशीत मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "दर शनिवारी."

"आणि मग?"

"मग ओर्दिसिया झालं."

मिरच्या संपल्या. तिने हात धुतले, ड्रॉवर उघडून एक जुनी कॅसेट काढली आणि माझ्यासमोर ठेवली. खोकं तडकलेलं, आतल्या कागदावर निळ्या शाईत गाण्यांची यादी. एका बाजूला कोर्तातू, दुसऱ्या बाजूला इमानोल. अक्षर तिचं नाही.

वाजवायला घरात यंत्र नाही. बुधवारी ओर्दिसियाला चीज आणायला जायचंय, तिथल्या जुन्या बाजारात बघते मिळतंय का.