एवढं दुखत होतं, तर अंगावर का काढलंत?

हा प्रश्न मला सासर-माहेरच्या सगळ्यांनी विचारलाय, नव्या डॉक्टरांनी विचारलाय, फिजिओथेरपीला शेजारच्या पलंगावर असणाऱ्या बाईंनीही विचारलाय. सात महिने पित्ताशयात खडे होते आणि तुम्हाला कळलं नाही? दर वेळी मी गुळमुळीत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज तसं करत नाही.

मला अकरा वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करते. या आजारात जिथे दुखतं तिथे काही बिघडलेलं असेलच असं नाही, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. माझा तळपाय जळतो आणि तळपायाला काहीही झालेलं नसतं. बिघाड मज्जारज्जूत असतो. फासळ्यांभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं होतं. त्याला एमएसची मिठी म्हणतात. मी पट्टाच म्हणते, मिठी हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पहिल्यांदा तो आवळला तेव्हा हृदयाचा झटका समजून आम्ही धावत गेलो. ईसीजी, एक्स-रे, रक्त, सगळं नॉर्मल. ‘तुमच्या एमएसचंच आहे.’ दुसऱ्यांदा गेलो, तेच उत्तर, आणि या वेळी थोडं वैतागून दिलेलं. तिसऱ्यांदा मी गेले नाही. हे मला शिकवलं गेलं होतं, आणि मी ते नीट शिकले होते. याला हलगर्जीपणा म्हणणार असाल तर मला मान्य नाही.

वर आपल्या भाषेचीही अडचण. मळमळतंय, पोट वर आल्यासारखं वाटतंय म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘पित्त झालं असेल.’ मीही तेच म्हणत होते. त्या बोलण्यातलं पित्त म्हणजे ॲसिडिटी. पित्ताशयाचं नाव कुणाच्या मनात येत नाही.

पण खरं सांगायचं तर फरक मला दिसत होता. पट्टा दोन्ही बाजूंनी आवळतो, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नसतो, दिवसच्या दिवस राहतो. हे दुखणं उजव्या फासळीखाली, रात्रीच्या जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्लं की सुरू व्हायचं, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली जायचं आणि दोन-तीन तासांत निघून जायचं. मी लक्षणांची वही ठेवते. त्यात माझ्याच अक्षरात चार वेळा ‘उजवीकडे, जेवणानंतर’ असं लिहिलेलं आहे. लिहिलं आणि पान उलटलं. त्या वेळच्या मला विचारलं तर ती म्हणेल, ‘पुन्हा तेच ऐकायला जायचं होतं का?’ तिला काय उत्तर द्यावं, मला अजून सापडलेलं नाही.

मग ती रात्र आली. दुखणं दोन तासांत गेलं नाही. मला उलट्या सुरू झाल्या, त्यात स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळीही पडली आणि पाय लाकडासारखे ताठ होऊ लागले. पहाटे बाथरूमला जायला उठले तर उजवा पाय उचलेना. डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं; माझा पहिला अटॅक त्याच डोळ्यात आला होता. नवऱ्याला उठवू की नको यात मी तास घालवला होता, आता हाक मारण्यावाचून इलाज नव्हता. तातडीच्या विभागात पोचल्यावर मी स्वतःच सांगितलं, ‘मला एमएस आहे, रिलॅप्स आलाय,’ म्हणजे आजाराचा नवा झटका. आणि सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एरवी तो मिळावा म्हणून मी भांडते. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हजार मिलिग्रॅम देण्याची तयारी झाली. पोट दुखतंय हे मी मधे एकदा बोलले, तेही पट्टा म्हणून.

ताप १०२ होता. तो पाहून एक तरुण डॉक्टर थांबली. तिने उजव्या फासळीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाली, ‘खोल श्वास घ्या.’ श्वास मध्येच अडकला. मी ओरडले. तिने स्टेरॉइड थांबवायला सांगितलं आणि सोनोग्राफी मागवली. पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली, एक खडा पित्ताशयाच्याच मानेत, म्हणजे तोंडाशी, अडकलेला, शिवाय जंतुसंसर्ग.

रिलॅप्स नव्हताच. अंगाचं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी आवरण गेलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत आणि जुनी लक्षणं वर येतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याचं वर्णन केलंय. मी हे वाचलेलं होतं, एमएस असणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या नव्या लोकांना समजावूनही सांगितलं होतं. त्या रात्री स्टेरॉइड गेलं असतं तर पोटातली लक्षणं दबली असती आणि संसर्ग आत वाढत राहिला असता. त्या विचाराने मला आजही घाम फुटतो. अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला आणि तिसऱ्या सकाळी पाय उचलला गेला.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुर्बिणीतून, चार छिद्रं. भूलतज्ज्ञांना मी दोनच गोष्टी सांगितल्या: बॅक्लोफेन अचानक बंद करू नका आणि अंगाच्या तापमानावर लक्ष ठेवा. त्यांनी दोन्ही ऐकल्या. शुद्धीवर आले तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. मी नर्सला म्हणाले, ‘असू दे, एमएसचं असेल.’ ती म्हणाली, ‘नाही हो, पोटात वायू भरतात ना, त्याने खांदा दुखतो. सगळ्यांचाच दुखतो.’ सगळ्यांचाच. मला रडू आलं.

एमएसमुळे खडे झाले का, असंही विचारता. खडे बायकांमध्ये तसेही जास्त होतात, एमएस असो वा नसो. माझे कशाने झाले ते कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मी तो नाद सोडलाय.

मागच्या महिन्यात रात्री पुन्हा उजवीकडे आवळलं. पित्ताशय तर आता नाही. थर्मामीटर लावला, वहीत वेळ लिहिली, चाळीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसले आणि नवऱ्याला उठवलं. तपासण्यांत काही निघालं नाही. ‘एमएसचंच असेल,’ डॉक्टर म्हणाले. असेलही.