तीन इंची लाइन, दीड इंची पीआरव्ही

इचलकरंजीजवळच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी युटिलिटी बघत होतो, तेव्हाची गोष्ट. बॉयलर 10 किलो दाबावर (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 10 किलो) चालायचा, कापड वाळवणाऱ्या सिलिंडर रेंजला, म्हणजे वाफेने तापणाऱ्या सिलिंडरांच्या रांगेला, वाफ लागायची 3 किलोची, आणि मधे बसला होता आमचा पीआरव्ही, म्हणजे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह. रेंज चालू असली की गेजचा काटा दीड ते साडेतीन झोके घ्यायचा. कापड कुठे ओलसर, कुठे करपल्यासारखं कडक. कापड जोडायला मशिन थांबवलं की दाब हळूहळू चढत जायचा आणि साडेतीनला सेफ्टी, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, उडायची. रात्रपाळीला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की कुणी मान वर करून बघत नसे.

दाब उतरवणं ही काही हौस नव्हती. सिलिंडरच्या पाटीवरच कमाल 3.5 लिहिलेलं. शिवाय 10 किलोची वाफ 184 अंशांची असली तरी वजनाच्या किलोमागे सुप्त उष्णता देते सुमारे 478 किलोकॅलरी. 3 किलोची वाफ 144 अंशांची, पण देते 510. वाळवण्याच्या कामाला ही दुसरीच परवडते.

आधी मी तेच केलं जे सगळे करतात. व्हॉल्व्ह उघडला. डायफ्राम (आतला लवचीक पडदा) बदलला, पायलट (मुख्य व्हॉल्व्हला हलवणारा छोटा व्हॉल्व्ह) साफ केला. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो तिथे, सुतासारखी बारीक चर पडली होती, ती लॅपिंग करून, म्हणजे घासून, घालवली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. महिन्याभरात दोनदा खोललं. दुसऱ्या वेळी बॉयलरवरचे अण्णा म्हणाले, "साहेब, व्हॉल्व्हचं राहू दे. बायपास रोज कोण उघडतंय ते विचारा की."

विचारलं. सकाळी थंड सिलिंडर लवकर तापावेत म्हणून पहिल्या पाळीची पोरं बायपास, म्हणजे पीआरव्हीला वळसा घालणाऱ्या पाइपवरचा ग्लोब व्हॉल्व्ह, थोडा सोडायची, कधी दिवसभर तसाच राहायचा. अर्धवट उघड्या ग्लोब व्हॉल्व्हमधून 10 किलोची वाफ सतत गेली की त्याचं सीट कापलं जाणारच, मग तो बंद करूनही गळतो. सुट्टीच्या दिवशी पीआरव्हीच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद केला, बायपास घट्ट आवळला, रेंजकडचाही बंद केला आणि खुर्ची टाकून गेजसमोर बसलो. दहा मिनिटांत काटा शून्यावरून पावणेतीनला! पीआरव्हीतून वाफ जायला वाटच नव्हती. महिनाभर मी बिचाऱ्या पीआरव्हीला शिव्या घालत होतो.

बायपास बदलला, दाब चढणं थांबलं. झोके मात्र तसेच.

मग व्हॉल्व्हच्या साइझकडे वळलो. लाइन तीन इंची म्हणून व्हॉल्व्हही तीन इंची, एवढाच हिशेब कुणीतरी पूर्वी केला होता. खरा लोड किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. ट्रॅपमागचं (ट्रॅप वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडतो) कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, ड्रममधल्या थंड पाण्यात सोडलं (थंड पाणी नसेल तर बरंचसं वाफ होऊन उडून जातं) आणि आधी-नंतर वजन केलं. तीन मिनिटांत 57 किलो वाढले, म्हणजे तासाला 1140. सुरुवातीचा जोर धरून दीड टन. एवढ्याला दीड इंची व्हॉल्व्ह पुरतो. तीन इंची व्हॉल्व्ह जेमतेम फट उघडून बसायचा. जरा उघडला की दाब उसळायचा, जरा मिटला की पडायचा. त्या फटीतून ओली वाफ सुसाट जाऊन सीटवर चर पाडायची, ती वेगळीच.

मालकांना आराखडा दाखवला: आधी तीन इंच, मधे दीड, पुढे चार. ते हसलेच. "अहो, दाब कमी झाल्यावर पुढं पाइप मोठा कशाला?" दाब उतरला की वाफ फुगते, 10 वरून 3 ला येताना जागा 2.6 पट लागते, हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठे सही मिळाली.

बसवताना व्हॉल्व्हच्या आधी वाफेतलं पाणी वेगळं करणारा मॉइश्चर सेपरेटर आणि ट्रॅप घातला. स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, आडवा ठेवला. त्याचं पोट खाली लोंबलं तर त्यात पाणी साचतं. पुढचा दाब व्हॉल्व्हला कळवणारा सेन्सिंग पाइप जुन्या फिटरने व्हॉल्व्हला अगदी खेटून काढला होता, जिथे वाफ नुसती घुसळत असते. तो मीटरभर पुढे सरळ पाइपात नेला, उतार व्हॉल्व्हपासून दूर. सुरू करताना लाइन आधी ब्लो केली, म्हणजे वाफ सोडून आतला कचरा उडवला, स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण सैल ठेवला आणि रेंज चालू असतानाच अर्धा-अर्धा फेरा आवळत 3 वर आणलं. मशिन थांबवलं तर काटा 3.2 पाशी जाऊन उभा राहिला.

त्या रात्री दोन वाजता जॉबरचा, म्हणजे पाळीवरच्या मुकादमाचा, फोन. "साहेब, सेफ्टी बिघडली वाटतं. आवाजच येईना."

जाऊन लिव्हर ओढून दाखवावी लागली.